आकडा कशाचा, कधीचा आणि कोणी मोजला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टीवायबीएला समाजशास्त्र घेतलेली एक मुलगी महाराष्ट्रातल्या मुलींच्या घटत्या प्रमाणावर प्रोजेक्ट करतेय. दर हजार मुलांमागे मुली किती, एवढंच तिला हवं होतं, पण एका साइटवर ८८३ मिळालं, दुसरीकडे ८९४, एका स्पर्धा परीक्षेच्या पीडीएफमध्ये ९२९ आणि एका बातमीत ९१३. सर म्हणाले "विश्वसनीय सोर्स लाव", आता ती विचारतेय की यातली कोणती वेबसाइट विश्वसनीय ते कसं ओळखायचं, विकिपीडिया चालतो का, चॅटजीपीटीला विचारलं तर चालेल का, आणि दहा संदर्भ कुठून आणू.

मी कॉलेजच्या लायब्ररीत तेवीस वर्षं आहे, हा प्रश्न दर जानेवारीत माझ्या टेबलावर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घाई असेल तर निदान पहिले चार परिच्छेद वाच.

सगळ्यात आधी हे ऐक: तुझे चारही आकडे खरे आहेत. ८८३ हे २०११ च्या जनगणनेतलं महाराष्ट्राचं बाल लिंग गुणोत्तर, म्हणजे ० ते ६ वयाच्या दर हजार मुलांमागे मुली, पण तो तात्पुरता आकडा. ८९४ हे त्याच जनगणनेचं तेच गुणोत्तर, पण अंतिम. ९२९ सुद्धा २०११ चंच, पण सगळ्या वयांच्या लोकसंख्येचं, म्हणजे आजीआजोबांसकट. आणि ९१३ मध्ये तर गंमत नाही, चक्क धोका आहे, कारण ९१३ हे २००१ च्या जनगणनेतलं महाराष्ट्राचं बाल लिंग गुणोत्तर आहे आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रासाठी जन्मवेळचं लिंग गुणोत्तर जे आलं तेही ९१३ च. दोन वेगळ्या गोष्टी, वीस वर्षांचं अंतर, मोजणारे वेगळे, आकडा तोच. तसंच ९२९ चं, ते महाराष्ट्राचं २०११ चं एकूण लिंग गुणोत्तर आहे आणि त्याच पाचव्या पाहणीत अख्ख्या भारताचं जन्मवेळचं गुणोत्तरही ९२९ आहे.

म्हणून "कोणती वेबसाइट विश्वसनीय" हा प्रश्नच मी आधी बाजूला ठेवायला सांगते. एका गावात चार शांताबाई असतात ना, नुसतं शांताबाई लिहून पत्र टाकलं तर पोस्टमन कुठे देणार, नवऱ्याचं नाव लागतं, आडनाव लागतं, आळी लागते. आकड्याचं अगदी तसं आहे. हा आकडा कशाचा, कधीचा, आणि कोणी कसा मोजला, ही तीन नावं त्याच्या मागे लागली की मग तो तुझ्या प्रोजेक्टमध्ये बसतो. ज्या पानावर ही तिन्ही नावं मिळत नाहीत ते पान कितीही देखणं असू दे, त्याचा उपयोग फक्त पुढचा धागा शोधायला करायचा, संदर्भ म्हणून लावायचं नाही.

आता ८८३ आणि ८९४ का वेगळे ते समजून घे, कारण व्हायवात हेच विचारतात. जनगणना झाली फेब्रुवारी २०११ मध्ये आणि मार्चअखेर तात्पुरते आकडे जाहीरही झाले. इतक्या लवकर कसे आले, तर घरोघरी मोजणी करणाऱ्या प्रत्येक प्रगणकाने आपापल्या भागाची हाताने बेरीज करून जो गोषवारा दिला होता त्याच्यावरून. मग सगळे फॉर्म स्कॅन झाले, त्यांच्यावर प्रक्रिया झाली, आणि २०१३ मध्ये प्राथमिक जनगणना गोषवारा म्हणून अंतिम आकडे आले. हातच्या बेरजेत आणि फॉर्मवरच्या प्रत्यक्ष नोंदीत फरक पडतो, लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच. महाराष्ट्राची साक्षरता तात्पुरती ८२.९१ टक्के होती, अंतिम ८२.३४ टक्के. एकूण लिंग गुणोत्तर आधी ९२५, नंतर ९२९. दोन्ही सरकारी, दोन्ही छापलेले, म्हणजे कोणी खोटं बोललं नाही, पण अंतिम आल्यावर तात्पुरता वापरायचा नसतो. तरी इंटरनेटवर आजही तात्पुरते आकडे भरपूर फिरताना दिसतात, कारण २०११ मध्ये गडबडीने बातम्या, ब्लॉग, नोट्स सगळं लिहून झालं, अंतिम आकडे आले तेव्हा तेवढा गाजावाजा नव्हता आणि जुनी पानं कोणी दुरुस्त करायला बसलं नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्या लायब्ररीत मी तात्पुरत्या आकड्यांच्या झेरॉक्सची एक फाइल करून ठेवली होती आणि अंतिम आकडे येऊन गेल्यावरही दोन वर्षं मुलांना तीच देत राहिले. एका मुलीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की बाई हा ८८३ कुठला, आणि ती म्हणाली "लायब्ररीतून घेतला". तिचे मार्क गेले माझ्या फाइलमुळे. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक फाइलवर वर तारीख असते आणि "तात्पुरते" की "अंतिम" हे लाल पेनने लिहिलेलं असतं. तेव्हा लायब्ररीत मिळालं म्हणून पक्कं असंही धरू नकोस, मलाही विचार की हे कधीचं आहे.

मग मूळ आकडा शोधायचा कसा. बघ, आपल्याकडे मुलीचं काही कळायचं असेल तर तिच्या माहेरी चौकशी करतात, आकड्याचंही माहेर असतं. जनगणनेच्या आकड्याचं माहेर म्हणजे रजिस्ट्रार जनरल यांचं कार्यालय, त्यांची साइट सेन्ससइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. कुटुंब आरोग्य पाहणीचं माहेर आपल्या मुंबईतच, देवनारला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, आरोग्य मंत्रालयासाठी ती ही पाहणी करते. सरकारी योजनेचं माहेर म्हणजे तिचा शासन निर्णय, जीआर. कायद्याचं माहेर म्हणजे राजपत्र. बातमीत, ब्लॉगवर, विकिपीडियावर आकडा दिसला की तिथे न थांबता "हे कोणाच्या हवाल्याने लिहिलंय" ते बघायचं, मग तिथे जायचं, तिथेही दुसऱ्या कोणाचा हवाला असेल तर अजून एक पायरी खाली. साधारण दोन-तीन पायऱ्यांत माहेर लागतं. पाच पायऱ्या उतरूनही लागलं नाही आणि सगळे एकमेकांचंच नाव सांगतायत असं दिसलं तर तो आकडा सोडून द्यायचा, कितीही आवडलेला असला तरी.

पत्ता वाचताना एक गोष्ट नीट बघ. वेबसाइटचं नाव उजवीकडून डावीकडे वाचायचं, म्हणजे सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते. तिथे जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असेल तर ते सरकारी खात्यांनाच मिळतं, एसी डॉट इन शैक्षणिक संस्थांनाच मिळतं. पण डॉट ओआरजी, डॉट कॉम, सीओ डॉट इन हे कोणीही पैसे भरून घेऊ शकतं, डॉट ओआरजी म्हणजे सेवाभावी संस्था असा एक समज मुलांमध्ये पक्का बसलाय तो काढून टाक. नावात सेन्सस आहे, २०११ आहे, राजमुद्रेसारखं काहीतरी चित्र आहे, म्हणून साइट सरकारी होत नाही. अशा खासगी साइटवरचे आकडे बरेचदा बरोबर उतरवलेले असतात, ते मी नाकारत नाही, पण तुझ्या संदर्भात नाव मूळ तक्त्याचं यायला हवं, आणि ते तू स्वतः उघडून बघितलेलं असायला हवं.

खासगी साइट ओळखायची माझी एक जुनी युक्ती सांगते, तुझ्या विषयाला चपखल आहे. २०११ ला महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. तर "२०११ च्या जनगणनेनुसार पालघर जिल्ह्याची लोकसंख्या" असं जिथे लिहिलेलं असेल तिथे कोणीतरी नंतर तालुक्यांची बेरीज केलेली आहे. बेरीज करणं गुन्हा नाही, पण ती केली असं त्यांनी सांगितलंय का ते बघ. सांगितलं असेल तर माणूस जबाबदार आहे, नुसतंच "जनगणना २०११" लिहून मोकळा झाला असेल तर त्याच्या बाकीच्या आकड्यांकडेही जरा संशयाने बघ. तसंच "महाराष्ट्राची लोकसंख्या २०२४" असं ठोकून लिहिणाऱ्या साइट अगदी शेवटच्या अंकापर्यंत आकडा देतात. पण अकरा कोटी तेवीस लाख चौऱ्याहत्तर हजार तीनशे तेहेतीस हा २०११ चा मोजलेला आकडा आहे, त्यानंतर जनगणना झालेलीच नाही, २०२१ ची पुढे ढकलली गेली. त्यामुळे नंतरचं जे काही आहे ते अंदाज आहेत, आणि अंदाज कोणी कोणत्या पद्धतीने केला हे लिहिलेलं नसेल तर त्याला काही अर्थ नाही.

शोधताना अजून एक अडचण येईल, जिल्ह्यांची नावं. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं २०११ च्या तक्त्यांत नाहीत, तिथे औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर असं शोधावं लागेल. अजून जुनं बघायचं झालं तर १९८१ च्या आधीचा रायगड कुलाबा या नावाखाली सापडतो. मागच्या वर्षी एका मुलाने मला सांगितलं की मॅडम या जिल्ह्याची माहितीच उपलब्ध नाही, तो नव्या नावाने शोधत होता.

आता अनोळखी साइट किंवा संस्था समोर आली तर काय करायचं. बहुतेक मुलं त्या साइटवरच फिरत बसतात, अबाउट अस वाचतात, लोगो बघतात, भाषा चांगली आहे का, संदर्भ दिलेत का, आणि मग म्हणतात साइट प्रोफेशनल वाटते. हे म्हणजे स्थळ आलं आणि मुलालाच विचारलं की तू चांगला आहेस का रे. आपण तसं करतो का? आपण त्याच्या गल्लीत, त्याच्या ऑफिसात, ओळखीतल्या कोणाकडे तरी चौकशी करतो. इंटरनेटवरही हेच करायचं, ती साइट तशीच उघडी ठेवायची, शेजारी नवीन टॅब उघडायची आणि त्या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधायचं.

हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये यावर अभ्यास मांडला होता, त्यात १० इतिहासाचे पीएचडी झालेले प्राध्यापक, १० व्यावसायिक फॅक्टचेकर आणि २५ स्टॅनफर्डचे विद्यार्थी होते. त्यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांच्या साइट दाखवल्या. एक १९३० पासूनची, देशभरातले हजारो डॉक्टर जिचे सभासद आहेत अशी, दुसरी २००२ मध्ये मतभेदावरून फुटून निघालेला छोटा गट, पण नाव जवळपास तसंच आणि साइट नीटनेटकी. प्राध्यापकांपैकी आणि विद्यार्थ्यांपैकी बरेच जण फसले, कारण ते पान वरून खाली मन लावून वाचत बसले. फॅक्टचेकर मात्र थोड्याच वेळात साइट सोडून बाहेर पडले, बाहेर चौकशी केली आणि खरं काय ते ओळखलं. म्हणजे इतके शिकलेले लोक नीट वाचून फसले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण मुलांना कायम सांगतो नीट वाच, नीट वाच. नीट वाचायचंच, पण कोणाचं वाचायचं हे ठरल्यावर.

तुझ्या विषयात याचा उपयोग लगेच होईल. लिंगनिवडीवर लिहिणाऱ्या भरपूर संस्था आहेत, काही फार प्रामाणिक काम करणाऱ्या, काहींना विशिष्ट मुद्दा पुढे न्यायचाय. मुद्दा असणं वाईट नाही, कोणालाच मुद्दा नसतो असं नाही, सरकारी खात्यालाही आपली योजना यशस्वी दिसायला हवीच असते. म्हणून योजनेच्या यशाचा आकडा फक्त त्या योजनेच्या पानावरून घेऊ नकोस. बेटी बचाओ बेटी पढाओ २०१५ मध्ये सुरू झाली, तिच्या प्रगतीसाठी आरोग्य खात्याच्या माहिती प्रणालीतले जन्मवेळचे आकडे वापरतात, ते दवाखान्यांनी भरलेल्या माहितीवर चालतात. जनगणनेचं बाल लिंग गुणोत्तर घरोघरी जाऊन मोजलेलं आणि ० ते ६ वयाचं. या दोन्हीचा एकच ग्राफ काढून "प्रमाण सुधारलं" किंवा "बिघडलं" असं लिहिलंस तर ते चुकीचं होईल, मग दोन्ही सोर्स कितीही सरकारी असोत. ही चूक मी एमएच्या प्रबंधातसुद्धा बघितली आहे.

बातम्यांचं सांगते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सगळीकडे मथळा होता की भारतात आता पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त, हजारामागे १०२०. आकडा पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीचा, अगदी खरा. पण ती पाहणी आहे, साधारण ६ लाख ३७ हजार घरांचा नमुना, आणि घरात आदल्या रात्री कोण राहिलं त्यावर ते गुणोत्तर काढलेलं. कामासाठी बाहेरगावी गेलेले पुरुष, वसतिगृहात, बराकीत, मजुरांच्या छावणीत राहणारे त्यात नीट येत नाहीत. त्याच अहवालात जन्मवेळचं गुणोत्तर ९२९ होतं, म्हणजे मुली अजून कमीच जन्माला येतायत, पण ते मथळ्यात कुठे नव्हतं. बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. त्यामुळे बातमीचा उपयोग "असा अहवाल आलाय" हे कळायला करायचा आणि मग अहवाल उघडायचा. महाराष्ट्राचं तथ्यपत्रक म्हणजे मोजकी काही पानं आहेत गं, वाचायला अर्धा तास पुरतो. त्यात दिसेल की जन्मवेळचं गुणोत्तर चौथ्या फेरीत ९२४ होतं आणि पाचव्यात ९१३ झालं. आणि जिल्ह्याच्या पातळीवर जाताना जपून, तिथे नमुन्यातले जन्मच थोडे असतात, दहा-वीस अंकांच्या फरकावर मोठा निष्कर्ष काढू नकोस.

अजून एक, दहा वर्तमानपत्रांत एकच बातमी आली म्हणजे दहा सोर्स झाले असं नाही. खाली बारीक अक्षरात वृत्तसंस्था लिहिलेलं असतं, पीटीआय वगैरे, म्हणजे एकाच्याच मजकुराच्या दहा प्रती. मुलं संदर्भ वाढवायला हे करतात आणि परीक्षकाला ते लगेच कळतं.

विकिपीडिया चालतो का? वाचायला चालतो, संदर्भ म्हणून लावायला नाही. मी स्वतः रोज वापरते. पण कसा वापरते, आधी खालच्या तळटीपा बघते, मग "इतिहास पहा" उघडून मजकूर कधी कोणी बदलला ते बघते, वाद असेल तर चर्चा पान. २००९ मध्ये मॉरिस जार या संगीतकाराचं निधन झालं तेव्हा डब्लिनमधल्या एका विद्यार्थ्याने मुद्दाम, पत्रकार काय करतात ते बघायला, त्यांच्या तोंडी एक खोटं वाक्य विकिपीडियावर घातलं. विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी संदर्भ नाही म्हणून ते काढून टाकलं, पण तेवढ्या वेळात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि आपल्या भारतातल्या वर्तमानपत्रांच्या साइटवर मृत्युलेखात ते वाक्य गेलं, आणि त्याने स्वतः सांगेपर्यंत जवळपास महिनाभर कोणाला कळलं नाही. यात विकिपीडियाने तरी संदर्भ मागितला, ज्यांना आपण विकिपीडियापेक्षा वरचे समजतो त्यांनी मागितला नाही. आणि समजा ते वाक्य विकिपीडियावर परत आलं असतं, या वेळी वर्तमानपत्राचा संदर्भ लावून, तर वर्तुळ पूर्ण झालं असतं आणि तुझ्यासारख्या विद्यार्थ्याला ते ओळखणं फार अवघड गेलं असतं. म्हणून तारखा बघायच्या, कोणी आधी लिहिलं आणि कोणी नंतर.

मराठीत वाचायचं असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, वाईहून निघालेला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ ला आला. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं ही मोठी गोष्ट. संकल्पना समजून घ्यायला उत्तम, पण ती नोंद ज्या खंडातली आहे तो कधी छापला ते बघ, जुन्या खंडातली लोकसंख्या त्या काळच्या जनगणनेची असणार. विश्वासू माणूस आहे, पण गेली चाळीस वर्षं गावाला आलेला नाही, असं समज.

शोधगंगा वापर, नक्की वापर. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं भांडार आहे, भारतातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध तिथे फुकट आहेत, मराठीतलेसुद्धा. पण पीएचडी मिळाली म्हणजे आतलं सगळं पक्कं असं नाही. मी प्रबंधात सगळ्यात आधी शेवटची संदर्भसूची उघडते, तिथे मूळ अहवाल आहेत की नुसती गाइड आणि वेबसाइट आहेत, ते पाच मिनिटांत कळतं.

जर्नलचा विषय मला दुखतो, म्हणून थोडं जास्त लिहिते. "इंटरनॅशनल जर्नल ऑफ" अमुक तमुक अशा नावाची, पैसे घेऊन तीन दिवसांत काहीही छापणारी भरपूर आहेत. आयएसएसएन क्रमांक दिला की मुलांना वाटतं मान्यता आहे, तो क्रमांक फक्त नियतकालिकाची नोंद आहे, दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून एका फटक्यात ४,३०५ जर्नल काढून टाकली होती. मग केअर नावाची मान्य जर्नलांची नवी यादी आली, ती चालवणारा कक्ष पुण्यातच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. २०२५ मध्ये यूजीसीने तीही यादी बंद केली. म्हणजे आता यादीकडे बोट दाखवून सुटका नाही, बघणं आपल्यालाच आलं. लेख उघडल्यावर मी इतकंच बघते की नमुना किती, कुठला, प्रश्न काय विचारले हे त्याने सांगितलंय का, आणि त्याचा निष्कर्ष त्याच्याच तक्त्यातून निघतो का. खेड्यातल्या ५० बायकांना विचारून "महाराष्ट्रातील स्त्रियांचे मत" असं शीर्षक असेल तर ठेवून दे. आणि तुझे सर किंवा कोणीही तुला म्हणाले की तुझाही पेपर छापू, एवढे पैसे भर, तर भरू नकोस, टीवायच्या मुलीला त्याची काही गरज नसते.

चॅटजीपीटी आणि तसल्यांचं. विषय समजावून घ्यायला, इंग्रजी अहवालातला अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला वापर, मी नाही म्हणणार नाही. पण त्याला संदर्भ मागू नकोस, आणि मागितलेस तर प्रत्येक उघडून बघ. तो अस्तित्वात नसलेले लेख, लेखक, पान क्रमांक अगदी ठामपणे देतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ ला वकिलांनी त्याने दिलेले खटले कोर्टात सादर केले, ते खटले झालेलेच नव्हते, कोर्टाने ५,००० डॉलर दंड ठोठावला. माझ्याकडे मुलं पुस्तकांची यादी घेऊन येतात आणि मी कपाटं धुंडाळते, मग लक्षात येतं की हे पुस्तक कोणी लिहिलेलंच नाही. तुझ्या चार आकड्यांपैकी कुठला बरोबर असं त्याला विचारलंस तर तो एक निवडेलही, पण तात्पुरता आणि अंतिम यातला फरक तुला समजला नसेल तर त्याचं उत्तर बरोबर की चूक हे तू कसं ठरवणार?

व्हॉट्सअॅपवर आलेला जीआर वेगळा प्रकार आहे. लेक लाडकी योजनेचे किती तरी फॉर्म आणि "शासन निर्णय" फिरत असतात. खऱ्या शासन निर्णयावर संगणक सांकेतांक म्हणून एक लांबलचक क्रमांक असतो, तो घेऊन महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या साइटवर शोधायचा, सापडला की तिथलीच प्रत डाउनलोड करायची. योजना १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे आणि टप्प्याटप्प्याने मिळून १ लाख १ हजार रुपये आहेत, यात ज्याने काही वेगळं लिहिलंय ते जीआरशी ताडून बघ.

कायद्याबद्दल लिहिशील तेव्हा लक्षात ठेव, गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा आणि २००३ ला त्यात मोठी दुरुस्ती झाली. बऱ्याच नोट्समध्ये १९९४ च्या कायद्याचं आजचं नाव आणि आजचे नियम लिहिलेले असतात जणू ते पहिल्यापासून तसेच होते, तर मूळ कायदा आणि दुरुस्ती दोन्ही वेगवेगळे वाच.

सरकारी लिंका मरतात, याची तयारी ठेव. जनगणनेची साइट बदलली तेव्हा जुन्या पेपरमधल्या कित्येक लिंका उघडेनाशा झाल्या. मेलेली लिंक कॉपी करून इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाक, बरेचदा जुनं पान मिळतं. आणि तू स्वतः जे उघडशील त्याची पीडीएफ सेव्ह कर, नावात तारीख घाल, संदर्भात तक्त्याचं नाव, वर्ष आणि तू कधी बघितलंस ते लिही.

दहा संदर्भांचं म्हणशील तर सरांशी बोल. जनगणना २००१ आणि २०११, कुटुंब आरोग्य पाहणीचे दोन अहवाल, दोन कायदे, एक जीआर, शोधगंगावरचे एखाद-दोन चांगले प्रबंध, हे तसेच आठ-नऊ होतात आणि सगळे तू उघडून बघितलेले असतील. दहावा मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर इन्स्टाग्रामवरच्या पोस्टने भरू नकोस.

आणि आज रात्री एकच काम कर. २०११ चा प्राथमिक जनगणना गोषवारा उतरवून घे, एक्सेलमध्ये उघडतो. त्यात महाराष्ट्राच्या ओळीत ० ते ६ वयाचे मुलगे आणि ० ते ६ वयाच्या मुली असे दोन रकाने आहेत. मुलींना मुलग्यांनी भाग, हजाराने गुण. ८९४ येतं का बघ, आणि मग तुझ्या स्वतःच्या तालुक्याच्या ओळीवर तेच कर.